पहिला नारळ करंजपाड्याला

मोखाड्याच्या एसटी स्टँडसमोर झेरॉक्सची चार दुकानं आहेत. त्यांतल्या तीन दुकानांत झेरॉक्स काढून मिळते. चौथं तुळशीदासचं. माणूस दाखल्याची प्रत हवी म्हणून पायरीवर उभा, समोर गाडी सुटायच्या बेतात, कंडक्टर घंटी ओढतोय, आणि तुळशीदास लॅपटॉपच्या पंख्याला कान लावून म्हणणार, "दोन मिनिटं दादा. कंपाइल चालू आहे. आत्ता प्रिंटर लावला तर मशीन बसेल." ती दोन मिनिटं कधीकधी संध्याकाळपर्यंत चालायची. तरी लोक त्याच्याकडेच जायचे. कारण बाकीच्या तीन दुकानांत नुसती झेरॉक्स मिळते, इथे वर करमणूक.

माणूस मोहपाड्याचा. मोहपाडा म्हणजे नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली झाकून जाईल एवढा. तीस-बत्तीस घरं, जमीन एकाचीही नाही. बाप बुध्या जन्मभर शेजारच्या करंजपाड्याला, भिकाबाबाच्या खाचरांत राबला आणि चार वर्षांपूर्वी गेला. पोराचं घरचं नाव तुळश्या. आश्रमशाळेच्या गुरुजींनी रजिस्टरात तुळशीदास लिहिलं, तेव्हापासून तो स्वतःला तसंच म्हणवून घ्यायचा. दहावीनंतर भिवंडीला गेला, एका केबलवाल्याकडे. सात वर्षं खांबांवर चढला, पोटमाळ्यांतून सरपटला, आणि भिंतीवरच्या त्या लुकलुकणाऱ्या डब्यांच्या पोटात काय असतं ते शिकला. परत आला तेव्हा लोकांना वाटलं, आता बायको करील. दाभोशाहून एक स्थळ आलंही होतं. मुलीच्या बापाने सहज विचारलं, काय धंदा करता? तुळशीदासने त्याला कर्नल, म्हणजे यंत्राच्या मेंदूचा गाभा, काय असतो ते तासभर सांगितलं. बाप जीप आली का बघतो म्हणून उठला, तो अजून जीपच बघतोय.

पण त्याचं खूळ रिकामं नव्हतं. मोहपाड्याला मोबाइलची रेंज नाही. पाड्यामागच्या कातळावर चढून, हात वर करून उभं राहिलं तर एखादी काडी दिसते, आणि तेवढ्यात वारा आला की जाते. तुळशीदासची आई याच कातळाच्या पायथ्याशी गेली. कोणीतरी वर हात उंच करून उभं होतं आणि खाली ती श्वास मोजत होती. तो तेव्हा भिवंडीत कोणाच्या तरी घरी सिनेमा नीट दिसावा म्हणून वायर ओढत होता. ही गोष्ट तो कोणाला सांगायचा नाही. त्याची थोरली बहीण सोनी सांगायची.

तर त्याने भिवंडीच्या भंगारातून सात जुने राउटर आणले, प्लास्टिकच्या डब्यांत बसवले, वर ताटाएवढ्या सोलर प्लेटी लावल्या आणि टेकड्याटेकड्यांवर टांगले. एका डब्याने ऐकलं की पुढच्याला सांगायचं, पुढच्याने त्याच्या पुढच्याला, असं करत निरोप मोखाड्याला. यासाठी डब्यांना जी अक्कल लागते ती बाजारात तयार मिळत नव्हती. परदेशातले काही लोक ती फुकट लिहून ठेवत होते, आणि तीही अर्धवट, अजून तपासणीत असलेली. लिहिलेलं सगळं, म्हणजे सोर्स, उघड्यावर. ज्याला हवं त्याने घ्यावं आणि आपल्या यंत्रापुरतं घरी दळून, म्हणजे कंपाइल करून, घ्यावं. तुळशीदासचे राउटर इतके जुने की त्यांच्यासाठी दळण घालणारा जगात हा एकटाच उरला असावा. सहा सहा तास लॅपटॉप दळायचा, आणि पाचव्या तासाला लाल ओळ यायची: अमुक फाइल सापडत नाही, तमुक आकडा जुळत नाही. कर्नलचा एक आकडा इकडचा तिकडे झाला की सगळं दळण वाया. मग हा पठ्ठ्या ओळ शोधायचा, सुधारायचा, पुन्हा चालू.

एकदा अशी सुधारलेली ओळ त्याने त्या परदेशातल्या लोकांना पाठवली. त्यांचं उत्तर आलं, दोन शब्दांचं: घेतली, धन्यवाद. तुळशीदासने त्याची रंगीत प्रिंट काढली, लॅमिनेट केली आणि दुकानात देवीच्या तसबिरीशेजारी लावली. करंजपाड्याच्या भिकाबाबाचा मुलगा भावेश पंचायत समितीत कारकून आहे. त्याने ती प्रिंट पुढून मागून पाहिली आणि विचारलं, "ऑर्डर आली काय रे? पगार किती?"

त्या सोर्सच्या पहिल्याच पानावर, सगळ्यांच्या आधी, मोठ्या अक्षरांत एक सूचना होती: हे प्रयोगासाठी आहे, कोणाचा जीव अवलंबून असेल अशा ठिकाणी वापरू नये. तुळशीदासने ती वाचली होती. चहाच्या टपरीवर हसत हसत वाचूनही दाखवली होती.

डबे लागले आणि चालले. मोहपाड्यात सोनीच्या पडवीच्या आढ्याला शेवटचा डबा. तिथे फोन जोडला की एक पान उघडायचं, त्यावर चित्रं: साप, पोटुशी बाई, ताप, पडलेला माणूस. वाचता येत नसलं तरी चित्र दाबता येतं. चित्रं तुळशीदासने स्वतः काढलेली. साप पाहून सोनीचा नवरा अर्जुन म्हणाला होता, "दाजींना गांडूळ चावलं तर हेच दाबायचं का?" अर्जुनला मेहुण्याची चेष्टा करायला कारण लागत नसे. मेहुण्यालाच दाजी म्हणायचा, तेही चेष्टेनेच.

चित्र दाबलं की हिरवी खूण यायची. "हिरवं झालं की समजायचं, गेलं," असं तुळशीदासने पडवीत बसून तीनतीनदा सांगितलं. खरं तर हिरवं म्हणजे निरोप पडवीतल्या डब्याने घेतला, एवढंच. पुढे वाट नसली तर डबा तो पोटात जपून ठेवतो आणि वाट मिळाली की पाठवतो. पण हे एवढं कोण सांगत बसणार? आणि दीड वर्षात हिरवं झालं आणि निरोप गेला नाही, असं एकदाही घडलं नव्हतं. दोन बाळंतपणं झाली, झाडावरून पडलेला एक माणूस वाचला. चित्र दाबलं की करंजपाड्याखालच्या उपकेंद्रातल्या उज्ज्वला सिस्टरचा फोन वाजायचा आणि मोखाड्याच्या जीपवाल्या उमेशचाही. उमेश सिस्टरला उचलायचा आणि लांबच्या रस्त्याने मोहपाड्याच्या खिंडीपर्यंत यायचा. दीड तास. सिस्टरने पाड्यात येऊन बजावलं होतं, "साप चावला तर पेशंटला झोळीत घालून पळवू नका. हलवलं की विष लवकर चढतं. निजवून ठेवा, चित्र दाबा, आम्ही औषध आणि स्ट्रेचर घेऊन येतो." पूर्वी पाड्यातले लोक कोणाला काही झालं की विचार न करता घोंगडीची झोळी करून उचलायचे. त्या दीड वर्षात ती सवय मोडली.

गेल्या वर्षी आषाढात त्या परदेशातल्या लोकांनी नवी आवृत्ती काढली. पावसात जुन्या आवृत्तीचं डोकं फिरायचं. निरोप दोन टेकड्यांमध्येच घुटमळत राहायचा, कधी अर्धा तास. नवी म्हणे वाट तोलून बघते. तुळशीदासने चार दिवस दळण घातलं, पाचव्या दिवशी ते उतरलं. अडचण एकच होती. नवी आवृत्ती जुनीशी बोलत नाही. एक डबा नवा, दुसरा जुना, की दोघं एकमेकांना मुळीच ओळखणार नाहीत. म्हणून या धंद्याचा नियम आहे: सगळ्यात लांबचा डबा आधी. मोखाड्यात खुर्चीवर बसून, जुन्याच वाटेने नवी आवृत्ती मोहपाड्याला पाठवायची. तो डबा नवा झाला की गप्प होईल, होऊ द्यायचा. मग त्याच्या अलीकडचा, मग त्याच्या अलीकडचा, आणि शेवटी आपल्या गच्चीवरचा. तासाभरात सगळे नवे, सगळे पुन्हा एकमेकांशी बोलायला लागलेले.

हे तुळशीदासला ठाऊक होतं. इतकं ठाऊक होतं की त्याने ते टपरीवर सगळ्यांना सांगितलं. तोंड आवरणं त्याला कधी जमलं नाही. "सोमवारी नवीन व्हर्जन. पहिलं मोहपाड्याला, करंजपाडा नंतर."

भावेश तिथेच भजी खात होता. त्याने ते ऐकलं आणि संध्याकाळच्या गाडीने ती बातमी घरी नेली.

करंजपाड्यात कोणतीही नवी गोष्ट आली की पहिला नारळ भिकाबाबाच्या अंगणात फुटतो. पहिला नांगर त्यांचा, नव्या भाताचा पहिला घास त्यांचा. विजेचा ट्रान्सफॉर्मर आला तेव्हा नारळ त्यांच्याच अंगणात फुटला, आणि ट्रान्सफॉर्मर तीन दिवसांत जळला, पण मान तो मान. शिवाय त्यांचं घर टेकडीवर, तिथला डबा त्यांच्याच कौलांवर, आणि मोहपाड्याच्या निरोपांची वाट त्या एकाच टेकडीवरून होती. रविवारी तुळशीदासला निरोप आला: बाबांनी बोलावलंय.

भिकाबाबा अंगणात पाटावर बसले होते. त्यांची बायको चंद्रकला सुपात तांदूळ निवडत होती. तुळशीदास नेहमीप्रमाणे पायरीच्या खाली उभा राहिला. बस म्हणायला कोणी नाही, असं नाही; चंद्रकला म्हणाली, "बस रं." तो बसला नाही.

"ऐकतोय ते खरं काय?" भिकाबाबा म्हणाले. "मोहपाड्याला आधी, आमच्याकडं मागनं?"

"बाबा, ते डब्यांचं तसंच असतं. लांबून सुरुवात करायची. नाहीतर मधली वाट..."

"तुझा बाप हितं राबला. कधी विचारलंन नाय, बाबा, मी आधी जेवू का तुम्ही."

"तसं नाय बाबा. यात मानाचं काय नाय."

"तुझ्या लेखी नसंल. माझ्या कौलावर टांगलंस, तव्हा होता ना मान? डबे टांगायच्या परवानगीचं लेटर माझ्या भावेशनं काढून दिलं ना?" म्हातारा हसला. तो हसला की काम संपलं असं समजायचं. "उद्या नारळ घेऊन ये. नाय तर डबा उतरव आणि घेऊन जा."

चंद्रकला सूप पाखडता पाखडता म्हणाली, "अर्ध्या दिसाचा तर प्रश्न हाय रं. हितलं कर आणि चालत जा तिकडं. बहिणीकडं जेवून ये."

अर्ध्या दिवसाचाच प्रश्न होता. तुळशीदासने हिशेब केला: सकाळी टेकडी, दुपारी ओहळ ओलांडून पायी मोहपाडा, पेनड्राइव्ह लावला की झालं. आणि एक गोष्ट त्याने हिशेबात धरली नाही, पण ती होतीच. भिकाबाबाच्या अंगणात, अख्ख्या करंजपाड्यासमोर, बुध्याच्या पोराच्या हातून नारळ फुटणार होता.

सोमवारी फुटला. लोक जमले, पोरांनी खोबरं पळवलं, भिकाबाबांनी डब्याला हळदकुंकू लावलं. तुळशीदासने टेकडीवरच्या डब्यात नवी आवृत्ती घातली, आणि मोखाड्यापर्यंतच्या बाकी डब्यांत आदल्या रात्रीच पोचवून ठेवलेली आवृत्तीही त्याच वेळी चालू झाली. सुरेख चालले. इतके सुरेख की भावेशने पंचायत समितीतून बापाला फोटो पाठवला आणि तो डोळ्याचं पातं लवायच्या आत अंगणात उतरला. सहा डबे नव्या बोलीचे झाले. सातवा, सोनीच्या पडवीतला, जुन्या बोलीत एकटाच हाका मारत राहिला.

दुपारी तुळशीदास ओहळावर गेला. वर घाटात पाऊस झाला असावा. पाणी लाल होऊन छातीला लागत होतं. परत आला. उद्या उतरेल, म्हणाला. मंगळवारी पाणी आणखी चढलं. लांबच्या रस्त्याने जीप जात होती, पण उमेश आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, मजुरांच्या फेऱ्या मारत होता. एका डब्यासाठी त्याचा दिवस कशाला मोडा? तरी मंगळवारी संध्याकाळी तुळशीदास पुन्हा भिकाबाबाच्या पायरीखाली जाऊन उभा राहिला.

"बाबा, दोन दिवसांपुरतं सगळ्या डब्यांत जुनं परत घालतो. पंधरा मिनिटांचं काम. ओहळ उतरला की पुन्हा नवं."

भिकाबाबांनी पान लावणं थांबवलं. "नारळ फोडून आणलेलं परत नेतात? सून घरात आली, आता दोन दिस माहेरी ठेवू म्हणतोस?"

अंगणातले लोक हसले. तुळशीदासही हसला. हट्ट धरला असता तर म्हातारा काय करणार होता? आरडाओरडा केला असता, डबा उतरवायला लावला असता. पण एवढी माणसं हसत असताना हट्ट धरायला जो कणा लागतो तो बुध्याच्या घरात कोणाला नव्हता. आणि खरं सांगायचं तर त्यालाही नवं इतकं सुरेख चाललेलं मोडवत नव्हतं. तो खाली उतरला आणि एसटीने मोखाड्याला गेला.

बुधवारी काय झालं ते सगळं नंतर कळलं.

पहाटे अर्जुन पोट धरून उठला. म्हणाला, भात बाधला वाटतं. सोनीने चूल पेटवली, ओवा दिला. उजाडलं तेव्हा त्याच्या पापण्या मिटायला लागल्या. डोळे उघड म्हटलं तर उघडेनात. मग मनगटावर सोनीला दोन बारीक टिंबं दिसली. मण्यार. ही चावते तेव्हा दुखतही नाही, निजलेल्याला कळत नाही. सोनीने फोन डब्याला जोडला आणि साप दाबला. हिरवं झालं.

शेजारची माणसं घोंगडी घेऊन आली होती. दांडाही आणला होता. सोनीनेच त्यांना थांबवलं. "गेलंय उमेशला. सिस्टर येते. हलवायचं नाय म्हणाली ती." अर्जुनला निजवलं. जिभेला जडपणा येत होता, तरी त्याने बायकोकडे बघून कसंबसं म्हटलं, "गांडूळच... असंल." ती हसली. ते तिचं हसणं नंतर तिला स्वतःला सहन झालं नाही.

तासाभराने तिने पुन्हा दाबलं. हिरवं. दोन माणसं खिंडीत जाऊन बसली, जीप दिसते का बघायला. तिने पुन्हा दाबलं. हिरवं. साडेआठला अर्जुनची मान धरवेना. तिने पाच मिनिटांच्या अंतराने दाबलं, मग मोजायचं सोडून दिलं. पावणेनऊला माणसांनी तिचं न ऐकता झोळी उचलली आणि पळत सुटले. खिंड उतरून डांबरी रस्त्याला लागायच्या आत, दहाच्या सुमारास, झोळी हलकी झाल्यासारखी वाटली म्हणून त्यांनी खाली ठेवली. हलकी झालेली नव्हती. श्वास थांबला होता.

बातमी गुरुवारी दुपारी मोखाड्याला आली. तुळशीदास लगेच निघाला. दुसऱ्या एकाची जीप धरून लांबच्या रस्त्याने, संध्याकाळच्या आत मोहपाड्यात. सोमवारी जो रस्ता लांब होता तो गुरुवारी दीड तासाचा निघाला. अर्जुनला माती देऊन झाली होती. पडवीत माणसं बसली होती. वर आढ्याला डबा, त्याचा बारीक दिवा लुकलुकत होता. तुळशीदासने एकदा वर पाहिलं, मग पाहिलं नाही.

सोनी त्याच्या गळ्यात पडली नाही. ती म्हणाली, "तुझं यंत्र चांगलं होतं रं तुळश्या. दर वेळेला हिरवं झालं. माणूस नाय आला."

"कोण माणूस, बाय?"

"उमेश. त्याला पोचलं होतं. आवणीच्या भाड्याला गेला असंल."

तुळशीदासला तेव्हाच सांगता आलं असतं. पडवीत बारा माणसं होती. तो म्हणाला, "पाणी दे थोडं." आणि प्यायला.

शनिवारी मोखाड्याच्या बाजारात मोहपाड्याच्या लोकांनी उमेशला गाठलं. तो जीपच्या टपावर कांद्याची पोती बांधत होता. त्याला खाली ओढलं.

"बुधवारी कुठं होतास?"

"शिवेवरच्या शेतावर मजूर सोडत होतो. का?"

"फोन वाजला नव्हता तुझा?"

"आईशपथ नाय वाजला! हा बघा फोन, हा बघा..."

"पुसलंस!"

पहिली थोबाडीत बसली तेव्हा तो हसलाच, चेष्टा समजून. नंतर डोळ्यावर बसली. कोणीतरी जीपच्या पुढच्या काचेवर दगड घातला. बाजार गोळा झाला. मिरचीवाल्या बायांनी तोंडाला पदर लावला. भावेश पंचायत समितीच्या पायरीवरून बघत होता आणि शेजारच्याला सांगत होता, या जीपवाल्यांना माज आलाय. चौथ्या झेरॉक्सच्या दुकानातून तुळशीदास बघत होता. त्याच्या आणि उमेशच्या मध्ये वीस पावलं होती. उमेशने मार खाता खाता त्याच्याकडे पाहिलं आणि ओरडला, "तुळशीदास, तू सांग यांना! तुझ्या मशीनमध्ये बघ, आलं होतं का मला काय?" तुळशीदासने तोंड उघडलं. मग एका गिऱ्हाइकाला म्हणाला, "किती प्रती?"

दुपारपर्यंत उमेशच्या गाडीत एक माणूस बसेना.

रविवारी ओहळ गुडघ्याला आला. तुळशीदास लॅपटॉप आणि पेनड्राइव्ह पाठीवर बांधून पायी मोहपाड्याला गेला. सोनी पडवीत एकटीच होती. दुसऱ्याच्या खाचरातली आवणी तिने चार दिवस सोडली होती, मुकादमाने निरोपही धाडला होता. तिने विचारलं नाही कशाला आलास. कोरा चहा ठेवला.

त्याने डबा उतरवला, वायर जोडली आणि पोट उघडून पाहिलं. अकरा निरोप. सगळे साप. पहिला पाच बावन्नचा, शेवटचा आठ एकेचाळीसचा. एकाखाली एक, नीट, जसे घेतले तसे जपून ठेवलेले.

नवी आवृत्ती घालताना यंत्र एक विचारतं: जुनं ठेवायचं की सगळं पुसून नव्याने? एका चौकटीत खूण असते. ती काढली तर डबा कोरा होतो. अकरा निरोप कधी होते हे जगात कोणाला कळणार नाही. उमेशचा डोळा बरा होईल, लोक विसरतील, पावसाळा जाईल. ती खूण राहू दिली तर डबा नवा होताच टेकडीशी बोलेल, आणि निरोप निघतील. सिस्टरच्या फोनवर, उमेशच्या फोनवर, मोखाड्याच्या गच्चीवर. प्रत्येकावर वेळ लिहिलेली.

तुळशीदास त्या चौकटीकडे किती वेळ बघत बसला कोण जाणे. चहा निवला.

"काय अडलं?" सोनी म्हणाली.

तो वर न बघता म्हणाला, "बाय, तू दाबलेलं सगळं हितंच हाय."

"म्हंजे?"

"डब्यात. पुढं गेलंच नाय. उमेशला काय पोचलं नाय. सिस्टरला पण नाय. मी सोमवारी करंजपाड्याचा डबा आधी बदलला, तव्हाच वाट तुटली."

सोनी चुलीपाशी उभी होती. तिने हातातली पळी खाली ठेवली. "तुला ठावं होतं?"

"होतं."

"सोमवारपासून?"

"सोमवारपासून."

ती जवळ आली आणि पडद्यावरचे आकडे बघू लागली. तिला आकडे वाचता येतात, अक्षरं नाहीत. पाच बावन्न. सहा बावन्न. सात वीस. बोट एकेका ओळीवरून खाली आणलं. शेवटच्या ओळीवर थांबलं. मग ती एवढंच म्हणाली, "धाड आता."

त्याने खूण तशीच ठेवली आणि बटण दाबलं. डबा बंद झाला, पाच मिनिटं नुसता तापला, मग दिवा लागला. टेकडीने ओळखलं. अकरा निरोप एकामागून एक निघून गेले.

दोन मिनिटांत सोनीच्या फोनवर उत्तर उमटलं. तुळशीदासने ते तिला वाचून दाखवलं. उज्ज्वला सिस्टरने बारीक अक्षरांतली तारीख पाहिली नव्हती. फोन अकरा वेळा वाजला होता, चित्र सापाचं होतं, पाडा मोहपाडा होता. तिने लिहिलं होतं: पेशंटला हलवू नका. उमेश निघाला. येतोय.

"मी कळवतो, जुनं हाय म्हणून," तो घाईने लिहायला लागला.

सोनीने फोन त्याच्या हातातून काढून घेतला. ओढून नाही, हळूच. "येऊ दे."

"बाय, उगीच..."

"येऊ दे. मला बघायचंय किती वेळ लागतो."

दोघं खिंडीत जाऊन बसले. पाऊस बारीक होता.  एक तास वीस मिनिटांनी खालच्या वळणावर जीप दिसली, पुढची काच नसलेली, आणि तिच्या मागे चिखलाचे फवारे. उमेशने ती इतकी वर आणली की चाकं फिरायला लागली, मग तिथेच सोडून स्ट्रेचर घेऊन धावत आला. एक डोळा सुजून बंद होता. मागून सिस्टर, छातीशी औषधांचा बर्फाचा डबा धरलेली, चपला हातात.

"कुठंय पेशंट?" सिस्टर धापा टाकत म्हणाली. "श्वास चालू आहे ना? कोणाला चावला?"

"अर्जुनला," सोनी म्हणाली.

सिस्टर थबकली. उमेशने स्ट्रेचर खाली टेकवलं. त्याच्या ओल्या चेहऱ्यावर आधी भीती आली, बाई भ्रमिष्ट झाली की काय अशी. मग त्याने तुळशीदासकडे पाहिलं. "मग हे आज का वाजलं? अकरा वेळा?"

सोनी भावाकडे वळली. "सांग त्याला."

तुळशीदास सांगू लागला. नारळापासून नाही, भिकाबाबापासून नाही. पहिलं वाक्य त्याने स्वतःपासून सुरू केलं, आणि सोमवार, मंगळवार, बाजार, सगळं क्रमाने सांगितलं. उमेश ऐकत होता. मधे एकदा त्याची मूठ वळली, मग सैल पडली. सिस्टरने बर्फाच्या डब्याचं झाकण पुन्हा घट्ट लावून घेतलं. आवणीचे दिवस होते, ती औषधं अजून कोणालातरी लागणार होती.